हेलिकॉप्टर हॉवरमध्ये थांबतच नाही: ट्रिमला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, थांबवायला जावं, तर ते जमिनीवरून उठतं न उठतं तोच डावीकडे घसरतं. उजवीकडे चार क्लिक ट्रिम (स्टिकचा मध्यच थोडा सरकवणारं ट्रान्समीटरवरचं बटण) दिला की त्या उड्डाणात जरा बरं वाटतं. पुढच्या बॅटरीला ते पुढे पळतं, म्हणून मागे ट्रिम. तिसऱ्या बॅटरीला टेल (शेपटी) थरथरायला लागते. असं करता करता सगळे ट्रिम कुठल्या कुठे जातात आणि एके दिवशी एक स्किड (खालची टेकायची दांडी) गवतात अडकून ब्लेड जमिनीला लागतात. नवा ब्लेडचा जोड, नवा शाफ्ट, आणि पुन्हा तेच चक्र.

बहुतेकांची समजूत होते की आपला हातच तयार नाही. हात तयार नसतोच, पण बिघडलेल्या सेटअपवर तो तयार होऊही शकत नाही. हेलिकॉप्टर हातामुळे हललं की आतल्या दोषामुळे, हे शिकणाऱ्याला कळत नाही. मग तो प्रत्येक उड्डाणात वेगळीच गोष्ट शिकतो आणि एकही पक्की होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की दोष शोधताना क्रम पाळा: आधी यांत्रिक जुळणी, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग हेडस्पीड (मुख्य रोटर मिनिटाला किती फेरे घेतो ते), आणि हाताचा विचार सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केल्यामुळेच ही तक्रार परत परत येते.

इथे मी कलेक्टिव्ह पिच असलेल्या, म्हणजे सगळ्या ब्लेडचा कोन (पिच) एकदम बदलून वर-खाली होणाऱ्या, इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरबद्दल बोलतोय, म्हणजे ४५० साइजपासून (सुमारे ३२५ मिमी लांबीचे मुख्य ब्लेड) वरची मॉडेलं. एकावर एक दोन रोटर असलेलं छोटं को-ॲक्सियल हेलिकॉप्टर स्वभावतःच शांत असतं, त्याला यातलं फारसं काही लागू होत नाही.

एक थोडा कल दोष नसतो

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल. बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून सांगाड्याचं नाक डावीकडे वळू पाहतं. ते अडवायला टेल रोटर शेपटीला सतत डावीकडे ढकलत असतो. नाक सरळ राहतं खरं, पण ते ढकलणं संपूर्ण हेलिकॉप्टरलाच डावीकडे सरकवतं. त्यामुळे स्थिर हॉवरमध्ये हेलिकॉप्टर उजवीकडे किंचित झुकलेलं दिसतं आणि तसंच दिसायला हवं. रोटर उलट दिशेने फिरणारं मॉडेल असेल तर हे सगळं उलट.

म्हणजे जमिनीवर सपाट उभं असलेलं हेलिकॉप्टर उचलताना डावीकडे जाऊ पाहणार, हे ठरलेलंच आहे. उचलतानाच उजवीकडे हलकासा स्टिक द्यायचा, तो ट्रिममध्ये कोंबायचा नाही. ट्रिम देऊन हे घालवणारा माणूस पुढच्या सगळ्या दोषांवर पांघरूण घालत असतो.

मोटर सुटी करून टेबलावर बसा

यापुढचं सगळं काम मोटर फिरणार नाही अशा अवस्थेत करायचं. ईएससीकडून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडून) मोटरला जाणाऱ्या तीन तारांपैकी दोन काढून त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी झाका, किंवा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मुख्य गिअरपासून मागे सरकवा. "थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारं ट्रान्समीटरवरचं बटण) तर लावलाय" एवढ्यावर विसंबू नका. मुख्य ब्लेड लागून गंभीर इजा होते. टेबलावर बसलेलं असताना चुकून सुरू झालेलं हेलिकॉप्टर मैदानातल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण तुमचा चेहरा त्याच्या अगदी जवळ असतो.

आता स्वॉशप्लेट, म्हणजे सर्व्होंची (छोट्या मोटरींची) हालचाल फिरत्या ब्लेडपर्यंत पोचवणारी मेन शाफ्टवरची तबकडी. कलेक्टिव्ह मध्यावर आणा, पिचच्या पट्टीवर बरोबर ५० टक्के. तिन्ही सर्व्होंचे हॉर्न (वरचे छोटे दांडे) लिंकला (जोडणाऱ्या सळईला) काटकोनात हवेत. हॉर्न दात्यांवर बसतो, त्यामुळे अचूक काटकोन मिळेलच असं नाही. एकेक दाता सरकवून जो सगळ्यांत जवळचा कोन मिळेल तो घ्या आणि उरलेला फरक सबट्रिमने (सर्व्होचा मध्य बारीक सरकवणाऱ्या सेटिंगने) काढा. फ्लायबारलेस युनिट (सेन्सरने हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असेल तर हा सबट्रिम युनिटच्या मेनूतच द्यायचा, ट्रान्समीटरमध्ये नाही. ट्रान्समीटरमध्ये दिला तर युनिटला वाटतं तुम्ही स्टिक दाबून धरलाय, आणि ते इमानेइतबारे हेलिकॉप्टर वाकवत राहतं. "उठलं की हळूहळू एका बाजूला वाकत जातं" या तक्रारीमागे मी सर्वांत आधी हेच बघतो.

हॉर्न जमले की स्वॉशप्लेट मेन शाफ्टला काटकोनात आहे का पाहा. लेव्हलर नावाचं साधं साधन मिळतं, ते शाफ्टवर चढवलं की तिन्ही बॉल सारख्या उंचीवर आहेत का हे लगेच दिसतं. नसतील तर आता सबट्रिमला हात लावू नका, लिंकची लांबी बदला. लिंक फिरवून ती थोडी-थोडी लहान-मोठी करता येते. मग त्याच मध्यावर दोन्ही ब्लेडचा पिच शून्य अंश आहे का हे पिच गेजने मोजा. एका ब्लेडचा शून्य आणि दुसऱ्याचा एक अंश असेल तर तो फरक स्वॉशप्लेटपासून ग्रिपकडे (ब्लेड धरणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या लिंकमध्ये आहे, तिथेच सुधारा.

बॉल लिंक हा बारीक पण फार छळणारा भाग. लिंक बॉलवर घट्ट बसली तर सर्व्होला अचूक थांबता येत नाही, आणि हॉवरमध्ये हेलिकॉप्टर किंचित अडखळत चालल्यासारखं दिसतं. ढिली असेल तर स्टिक मध्यावर असूनही स्वॉशप्लेट थोडी मोकळी हलते. चाचणी सोपी आहे. सर्व्होकडची बाजू काढून लिंक आडवी धरा. ती स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी, पण बॉलवर पुढेमागे खुळखुळता कामा नये. बऱ्याच लिंकांना एक बाजू असते: अक्षर कोरलेली बाजू बाहेर ठेवायची. उलटी बसवलेली लिंक जड चालते आणि कधीकधी उड्डाणात निसटते.

वजनाचा समतोल शेवटी पण न विसरता बघा. बॅटरी आणि कॅनोपी (पुढचं कवच) लावून, ब्लेड टेल बूमला (शेपटीच्या नळीला) काटकोनात ठेवून, दोन्ही ग्रिपांखाली बोटं घालून हेलिकॉप्टर उचला. बूम आडवा राहिला किंवा नाक अगदी थोडं खाली गेलं तर ठीक. नाक धाडकन खाली गेलं तर बॅटरी मागे सरकवा. दर वेळी बॅटरी वेगळ्या जागी बांधणाऱ्याचं हेलिकॉप्टर दर वेळी वेगळ्या दिशेला पळतं. बॅटरी ट्रेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, एवढाच उपाय.

दिशा: हे चुकलं तर पहिलंच उड्डाण शेवटचं

फ्लायबारलेस युनिट नवं बसवलं असेल, किंवा कुणाकडून वापरलेलं हेलिकॉप्टर घेतलं असेल, तर दोन वेगवेगळ्या दिशा तपासायच्या असतात आणि लोक त्यातली एकच तपासतात.

पहिली, तुमच्या स्टिकची. पुढे स्टिक दिला की स्वॉशप्लेट पुढे झुकते, उजवीकडे दिला की उजवीकडे. ही सगळेच बघतात.

दुसरी, सेन्सरची. हेलिकॉप्टर हातात धरून झटकन नाकाकडे झुकवा. स्वॉशप्लेटने मागे झुकायला हवं, म्हणजे ती मूळच्या पातळीत राहण्याचा प्रयत्न करताना दिसली पाहिजे. उजवीकडे कलवलं तर स्वॉशप्लेट डावीकडे. टेलचंही तसंच: आधी रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा स्टिक) उजवीकडे देऊन टेल स्लायडर (टेलच्या ब्लेडचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठे सरकतो ते लक्षात ठेवा, मग हाताने नाक डावीकडे वळवा, स्लायडर त्याच बाजूला सरकला पाहिजे जिकडे उजव्या रडरने सरकला होता. सेन्सरची दिशा उलटी असेल तर युनिट चूक सुधारण्याऐवजी वाढवतं. स्वॉशप्लेटची उलटी असेल तर उठता क्षणी हेलिकॉप्टर कोलमडतं. टेलची उलटी असेल तर जागच्या जागी गरगर फिरायला लागतं. दोन्हींत हाताने सावरायला वेळच मिळत नाही.

अजून एक. बॅटरी जोडल्यावर काही सेकंद जायरो (वळणं ओळखणारा सेन्सर) स्वतःचा शून्य ठरवत असतो. तेवढा वेळ हेलिकॉप्टरला हात लावू नका, वाऱ्यात डुलू देऊ नका. त्या वेळी हललं तर सगळं उड्डाण टेल हळूहळू एका बाजूला सरकत राहील आणि तुम्ही रडरचा ट्रिम शोधत बसाल.

भीतीपोटी ठेवलेला मंद रोटर

माझ्या मते हॉवर न जमण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी ओळखलं जाणारं कारण हेच आहे.

नवा माणूस आवाजाला बिचकतो. रोटर जोरात फिरला की हेलिकॉप्टर जोरात पळेल असं त्याला वाटतं, म्हणून तो थ्रॉटल कर्व्ह (स्टिकप्रमाणे मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारी रेघ) खाली आणतो. परिणाम नेमका उलटा होतो. ब्लेडची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हेडस्पीड २० टक्क्यांनी कमी केला तर तेवढ्याच पिचला साधारण ६४ टक्केच उचल उरते. वजन तर तेवढंच आहे, म्हणून पिच वाढवावा लागतो. पिच वाढला की मोटरवर ताण येतो, फेऱ्या आणखी पडतात. टेल रोटर मुख्य रोटरलाच गिअरने किंवा बेल्टने बांधलेला असल्यामुळे तोही मंदावतो, आणि नेमका त्याच वेळी त्याच्यावरचा भार वाढलेला असतो. मग टेल सैल वाटते, स्टिकला प्रतिसाद उशिरा येतो, आणि उशिरा आलेल्या प्रतिसादावर शिकाऊ हात दुप्पट स्टिक देतो.

४५० साइजला शिकण्यासाठी साधारण २२०० ते २५०० फेरे प्रति मिनिट ठेवावेत. ७०० साइजला १५०० ते १७०० च्या आसपास पुरे होतात, कारण ब्लेड लांब आहेत. मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच राहा. ईएससीत गव्हर्नर असेल तर तो वापरा. पिच बदलला तरी तो फेऱ्या सांभाळतो आणि टेलवरचा अर्धा त्रास कमी होतो. गव्हर्नर नसेल तर सपाट थ्रॉटल कर्व्ह ठेवा, ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान, आणि ईएससीचा सॉफ्ट स्टार्ट चालू करा म्हणजे रोटर सावकाश वेग घेईल.

सपाट कर्व्हची एक अट आहे. स्टिक खाली ओढल्यावर मोटर थांबत नाही, थांबते ती फक्त थ्रॉटल होल्डने. म्हणून होल्डचं बटण न बघता सापडलं पाहिजे. मोटरच्या तारा सुट्या असतानाच ट्रान्समीटर हातात घेऊन होल्ड टाकायचा सराव करा; संकटात बोट आपोआप तिकडे जायला हवं. ब्लेड कशालाही लागतायत असं दिसलं की आधी होल्ड. चालू मोटरने अडकलेला रोटर ओढत राहिला की गिअरचे दाते जातात, ईएससी जळतो, आणि पाच मिनिटांत दुरुस्त होणारं काम आठवड्यावर जातं.

पिच कर्व्हबद्दल मतभेद आहेत. काही जण पहिल्या दिवसापासून मध्यावर शून्य आणि दोन्हीकडे सारखा पिच ठेवायला सांगतात, पुढे कसरती करताना हात बदलावा लागत नाही म्हणून. मला ते हॉवर शिकणाऱ्यासाठी योग्य वाटत नाही. घाबरलेला माणूस स्टिक खाली खेचतो. खाली उणे अकरा अंश असेल तर हेलिकॉप्टर जमिनीवर आपटलं जातं. मी खालच्या टोकाला उणे ३, मध्यावर अधिक ५ आणि वरच्या टोकाला अधिक ९ अंश ठेवायला सांगेन. हॉवर साधारण ५ ते ६ अंशांवर होतो, म्हणजे तो मध्याच्या जरा वर येतो. खाली थोडा उणा पिच ठेवण्याचं कारण असं की उतरल्यावर वाऱ्याच्या झुळकीने हेलिकॉप्टर पुन्हा उचललं जाऊ नये. तुमची पूर्ण रेंज अधिक-उणे ११ अंश असेल तर ट्रान्समीटरच्या कर्व्हमध्ये हे आकडे साधारण ३६, ७३ आणि ९१ टक्के येतात. तरी पिच गेजने खात्री करा, टक्क्यांवर भिस्त ठेवू नका.

स्टिकचा तिखटपणा कमी करायला २० ते ३० टक्के एक्स्पो (मध्याजवळचा स्टिकचा तिखटपणा बदलणारं सेटिंग) पुरतो. इथे एक सापळा आहे: फुताबाच्या ट्रान्समीटरमध्ये मध्यभाग मऊ करायला एक्स्पो उणा द्यावा लागतो, स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरमध्ये अधिक. दुसऱ्याच्या सेटिंगचा आकडा डोळे झाकून उतरवला तर स्टिक मऊ होण्याऐवजी धारदार होईल. एक्स्पो देऊन स्क्रीनवरची रेघ बघा. मध्याजवळ ती आडवी व्हायला हवी.

टेल हलते, पण कशी हलते?

"टेल हलते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. हलण्याची चाल बघावी लागते.

टेल झपाझप, सारख्या लयीत थरथरत असेल तर जायरोचा गेन (चूक किती जोरात सुधारायची ते प्रमाण) जास्त आहे. तीन-चार टक्क्यांनी कमी करत जा, थरथर थांबते त्याच्या किंचित खाली थांबा. हेडस्पीड बदलला की गेनही पुन्हा जुळवावा लागतो. मंद रोटरवर जुळवलेला गेन जलद रोटरवर थरथर आणतो. म्हणूनच हेडस्पीड आधी पक्का करायचा, गेनला नंतर हात लावायचा.

टेल सावकाश डावी-उजवी झोके खात असेल किंवा रडर सोडल्यावर जागेवर थांबायला वेळ घेत असेल तर गेन कमी आहे, किंवा टेलची यंत्रणा जड चालतेय. सर्व्होची लिंक काढून स्लायडर बोटाने हलवून बघा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. कुठेही अडखळला तर गेन वाढवून काही होणार नाही. अडखळण्याचं कारण शोधा. बहुधा बूमवरून जाणारी सळई गाइडमध्ये घासत असते, स्लायडरच्या पिन घट्ट असतात, किंवा ग्रिपचं बेअरिंग गेलेलं असतं.

टेल एकाच दिशेला हळू सरकत असेल तर रडरचा ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आहेत का बघा. हेडिंग होल्ड मोडमध्ये (यात जायरो नाकाची दिशा धरून ठेवतो) ट्रिमचा एक क्लिकसुद्धा "सतत वळत राहा" असा आदेश होतो. शून्यावर असूनही सरकत असेल तर जायरोला कंपन पोचतंय. युनिटखालचा फोम टेप दबून कडक झालाय का, एखादी ताठ तार युनिटला ओढतेय का, तारांचा जुडगा त्याच्यावर टेकलाय का ते पाहा. तारांना युनिटजवळ थोडा ढील द्या आणि मग सांगाड्याला बांधा.

कलेक्टिव्ह झटकन वाढवल्यावर नाक डावीकडे झेप घेत असेल तर बेल्टचा ताण, टेलच्या ब्लेडची स्थिती आणि पुन्हा एकदा हेडस्पीड बघा. उड्डाणाच्या शेवटी-शेवटीच टेल सैल होत असेल तर कारण बॅटरी आहे. लिपो बॅटरीच्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज भरलेला असताना ४.२ असतो, आणि वापरत गेलं की पडत जातो. गव्हर्नर नसेल तर त्याबरोबर हेडस्पीडही पडतो. क्षमतेच्या ८० टक्के वापरून उतरायचं अशा हिशेबाने टायमर लावा. शिकण्याच्या दिवसांत तर त्याहूनही आधी उतरलेलं बरं, कारण बॅटरी संपायला आली की हातही दमलेले असतात.

हेलिकॉप्टर जमिनीवर असताना टेलचा स्लायडर एका टोकाला सरकत गेला तर घाबरू नका. हेडिंग होल्डमध्ये हेलिकॉप्टर जमिनीला टेकलेलं असताना जायरोची सुधारणा पूर्ण होत नाही, म्हणून ती साचत जाते.

कंपन

कंपन असलेलं हेलिकॉप्टर कुठल्याही सेटिंगला जुमानत नाही. शेपटीवरच्या उभ्या फिनची कड उड्डाणात धूसर दिसते का, हे लांबून बघा. दिसत असेल तर बाकी सगळं थांबवा.

शोधायची पद्धत अशी. मुख्य आणि टेलचे ब्लेड काढा, हेलिकॉप्टर घट्ट धरून ठेवता येईल असं बांधा, आणि मोटर सावकाश फिरवा. कंपन गेलं तर दोष ब्लेडमध्ये किंवा टेलच्या ब्लेडमध्ये. तसंच राहिलं तर मेन शाफ्ट, गिअर, बेअरिंग किंवा मोटर. शाफ्ट संशयित असेल तर तो काढून काचेवर लोटा. वाकलेला शाफ्ट लोटताना उजेडाची फट उघडझाप करते. फेदरिंग शाफ्टलाही (दोन्ही ग्रिप जोडणाऱ्या आडव्या शाफ्टलाही) हीच परीक्षा. अगदी हलक्या आपटण्यातही तो वाकतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

ब्लेडचे बोल्ट किती आवळायचे, हा प्रश्न नेहमी येतो. हेलिकॉप्टर कुशीवर धरलं तर ब्लेड स्वतःच्या वजनाने खाली लोंबायला नको, पण हलका झटका दिला की हलायला हवा. फार घट्ट केलेला ब्लेड फिरताना आपोआप सरळ रेषेत येऊ शकत नाही आणि सुरुवातीलाच सगळं हेलिकॉप्टर गदगदा हलतं.

ट्रॅकिंगसाठी, म्हणजे दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरतात का ते बघायला, दोन ब्लेडच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी सारख्या मापाची लावा. हेलिकॉप्टर हॉवरला असताना लांबून, फिरत्या ब्लेडच्या चकतीच्या कडेकडे बघा. दोन रंग वर-खाली दिसले तर वर चाललेल्या ब्लेडचा पिच लिंक फिरवून किंचित कमी करा. हे बघायला दुसऱ्या अनुभवी माणसाला उडवायला सांगा. वाकून जवळ जाऊन डोळे चकतीच्या पातळीत आणायचे नाहीत.

उचलताना उलटतं

सगळं जुळलेलं असूनही हेलिकॉप्टर उठताना कुशीवर पडत असेल तर उचलण्याची रीत तपासा.

फ्लायबारलेस हेलिकॉप्टर जमिनीवर असताना स्वॉशप्लेट तिरकी दिसली की नवा माणूस ती स्टिकने सरळ करायला बघतो. युनिट मात्र स्टिकला "या वेगाने वळ" असा आदेश समजतं. स्किड जमिनीला टेकल्यामुळे हेलिकॉप्टर वळत नाही, म्हणून युनिट स्वॉशप्लेट आणखी झुकवत जातं. बराच वेळ असं करून मग कलेक्टिव्ह दिला की साचलेला तो सगळा झुकाव एकदम बाहेर पडतो. जमिनीवर असताना सायक्लिकला (पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या स्टिकला) अगदी हलका हात ठेवा, अंगठ्याने सतत रेटा देऊ नका.

दुसरं, अर्धवट हलकं झालेलं हेलिकॉप्टर जमिनीवर रेंगाळू देऊ नका. एक स्किड टेकलेलं आणि दुसरं उचललेलं असताना ते टेकलेल्या स्किडभोवती फिरायला लागतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की विरुद्ध स्टिकने सावरत नाही. अशा वेळी कलेक्टिव्ह खाली करणं हाच उपाय. पूर्ण हेडस्पीड येऊ द्या, दोन-तीन सेकंद थांबा, मग कलेक्टिव्ह न घाबरता, एकसारखा द्या. उंच गवत, खाचखळगे टाळा. बारीक कापलेलं गवत किंवा सपाट कडक जमीन हवी, म्हणजे स्किड अडकण्याऐवजी घसरतील.

उंचीही महत्त्वाची. वीतभर उंचीवर हॉवर सोपा असेल असं वाटतं, पण तिथे रोटरची हवा जमिनीवर आदळून परत वर येते आणि हेलिकॉप्टर त्याच गढूळ हवेत डगमगतं. साधारण रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीवर हवा शांत होते. शिकाऊ माणसाला जमिनीजवळ सुरक्षित वाटतं आणि म्हणून तो सर्वांत अवघड जागी सराव करत बसतो. सिम्युलेटरवर हात थोडा बसला की लगेच छातीएवढ्या उंचीवर जा.

दोन आडव्या दांड्या आणि टोकाला चेंडू असलेलं ट्रेनिंग गिअर जरूर लावा. ते बसवल्यावर वजनाचा समतोल पुन्हा बघा, आणि दांड्या स्किडला घट्ट बांधा. एक दांडी सैल असली तर तिचंच कंपन जायरोला जातं.

आता हात

यंत्र निर्दोष असलं तरी हॉवरमध्ये ते आपोआप थांबणार नाही. एकदा सरकायला लागलं की स्टिक मध्यावर आणल्यावरही सरकतच राहतं, कारण झुकाव तसाच असतो. म्हणून प्रत्येक सुधारणेचे दोन भाग असतात: आधी उलट दिशेला छोटा स्टिक देऊन झुकाव काढायचा, आणि हेलिकॉप्टर थांबायच्या जरा आधीच तो परत घ्यायचा. शिकणारे पहिला भाग बरोबर करतात आणि दुसरा विसरतात. मग हेलिकॉप्टर पलीकडे जातं, तिकडून परत, आणि दर खेपेला झोका मोठा होतो. झोका वाढतोय असं जाणवलं की स्टिक कमी करा, वाढवू नका.

हेलिकॉप्टरच्या मागे पाच-सहा मीटरवर, किंचित एका बाजूला उभे राहा. मोठ्या मॉडेलला अंतर वाढवा. बाकी माणसं तुमच्या मागे. नजर कॅनोपीवर ठेवा, टेलवर नको. टेल पाहणारा रडर उलट देतो, कारण टेल डावीकडे जाते तेव्हा नाक उजवीकडे जात असतं. वारा असेल तर नाक वाऱ्याकडे. आणि सायक्लिकचा ट्रिम? फ्लायबारलेसवर शून्य. जुन्या फ्लायबारच्या (रोटरवर स्थिरतेसाठी आडवी दांडी असलेल्या) हेलिकॉप्टरला, वरचं सगळं तपासून झाल्यावर, वारा नसताना, दोन-तीन क्लिक चालतील. त्याहून जास्त लागत असतील तर पुन्हा टेबलावर बसा आणि स्वॉशप्लेटपासून सुरू करा.

आपटल्यानंतर

ब्लेड जमिनीला एकदाही लागले असतील तर "वरवर ठीक दिसतंय" म्हणून लगेच उडवू नका. फेदरिंग शाफ्ट आणि मेन शाफ्ट काचेवर लोटून बघा. मुख्य गिअर एक पूर्ण फेरी सावकाश फिरवून प्रत्येक दाता तपासा. सर्व्हो हाताने हळू हलवा; खरखर किंवा उडी जाणवली तर आतले दाते गेले आहेत. ब्लेडच्या मुळाशी आणि टोकाशी नखाने चाचपून केसाएवढी चीर शोधा. चीर असलेला ब्लेड चिकटवून पुन्हा लावू नये, तो फेकून द्यावा आणि दोन्ही ब्लेड जोडीनेच बदलावेत. बूम थोडा जरी चेपला असेल तर बेल्ट आत घासतो. लिपोला खळगा पडला असेल किंवा ती फुगली असेल तर ती चार्जरला लावू नका, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा.

हे झाल्यावर लेव्हलर आणि पिच गेज पुन्हा काढा. आपटण्यात हॉर्न एखादा दाता सरकलेला असतो आणि लिंक किंचित वाकलेली. तो एक दाता न पाहता उडवलं तर हेलिकॉप्टर उठताच एका बाजूला जाईल, आणि बोट परत ट्रिमच्या बटणाकडे वळेल.